‘हे यंत्र बंद करू नका’ : टेबलावरच्या सर्व्हरचा इतिहास

जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या कणभौतिकी संशोधन संस्थेत १९९० साली एका काळ्या, घनाकृती संगणकावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, असा तिचा मजकूर. जगातील पहिला वेब सर्व्हर तो हाच. आज तेच काम पत्त्यांच्या कॅटएवढ्या संगणकावर, मोबाइलच्या चार्जरवर आणि अर्ध्या तासात होते. हा धागा या दोन यंत्रांमधल्या काळाचा आहे. त्या काळात यंत्र सामान्य माणसाच्या हाती आले; पण त्याच सुमारास दुसरे काहीतरी त्याच्या हातून निसटले.

तो काळा संगणक ‘नेक्स्ट’ कंपनीचा होता. १९८८ मध्ये तो बाजारात आला तेव्हा विद्यापीठांसाठी त्याची किंमत ६,५०० डॉलर ठेवलेली होती. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये सर्नमधील माहितीच्या व्यवस्थापनाविषयी एक प्रस्ताव मांडला. वरिष्ठ माइक सेंडल यांनी त्यावर ‘संदिग्ध, पण रोमांचक’ अशा अर्थाचा शेरा मारला. औपचारिक मंजुरी म्हणावी असे त्यात काही नव्हते, तरी यंत्र मिळाले. १९९० च्या नाताळापर्यंत त्यावर सर्व्हर आणि ब्राउझर दोन्ही चालू झाले होते.

सर्व्हर म्हणजे काय, हे त्या आरंभीच्या रूपात जितके स्वच्छ दिसते तितके नंतर कधी दिसले नाही. संगणकावर एक प्रोग्राम कान देऊन बसलेला असतो. बाहेरून एका ओळीची मागणी येते : अमुक पान दे. प्रोग्राम ती फाइल शोधतो, पाठवतो आणि जोडणी तोडतो. त्यासाठी महागडे यंत्र मुळीच लागत नाही. लागतात त्या तीन गोष्टी : अखंड वीज, अखंड जोडणी आणि जगाला ठाऊक असलेला पत्ता. लाल शाईची चिठ्ठी ही यांपैकी पहिल्या गोष्टीची राखण होती. (भारनियमन सोसलेल्या महाराष्ट्रातील वाचकाला तिचे मोल अधिक सांगायला नको.)

बर्नर्स-ली यांचा मूळ ब्राउझर केवळ वाचण्यासाठी नव्हता. त्यातच पान लिहिता आणि दुरुस्त करता येत असे. वाचणारा आणि लिहिणारा यांत त्यांनी भेद केलाच नव्हता. परंतु हा ब्राउझर फक्त नेक्स्टवर चालत असे. इतर यंत्रांसाठी निकोला पेलो यांनी लिहिलेला साधा ब्राउझर वाचण्यापुरताच होता. १९९३ मध्ये आलेल्या ‘मोझाइक’ने वेब घराघरांत पोहोचवले, पण त्यातही लिहिण्याची सोय नव्हती. वाचक आणि प्रकाशक यांची फारकत येथून सुरू झाली, आणि ती कोणी ठरवून केलेली नव्हती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

सॉफ्टवेअरच्या बाजूने मात्र दार उघडेच राहिले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. इलिनॉय विद्यापीठाच्या ‘एनसीएसए’ केंद्रात रॉब मॅककूल यांनी लिहिलेला सर्व्हर लोकप्रिय झाला. ते १९९४ मध्ये तेथून बाहेर पडल्यावर त्याचे काम रेंगाळले. तेव्हा तो वापरणारी मंडळी आपापल्या दुरुस्त्या एकमेकांना पाठवू लागली, आणि १९९५ मध्ये त्या ठिगळांतून ‘अपाची’ उभा राहिला. वर्षभरातच तो वेबवरील सर्वाधिक वापरला जाणारा सर्व्हर ठरला. सर्व्हरच्या प्रोग्रामची किंमत शून्य झाली ती अशी.

उरली यंत्राची किंमत. १९९९ मध्ये स्टॅनफर्डचे प्राध्यापक वॉन प्रॅट यांनी काडेपेटीच्या आकाराचा वेब सर्व्हर करून दाखवला. त्यात ४८६ जातीचा प्रोसेसर होता, १६ एमबी स्मृती होती आणि वर लिनक्स. लोकांनी त्याकडे कौतुकाने पाहिले. घेण्याजोगी वस्तू ती नव्हती.

ती वस्तू केंब्रिजमधून आली, आणि सर्व्हरचा विचार त्यामागे नव्हताच. संगणकशास्त्राला अर्ज करणारे विद्यार्थी घटत चालल्याचे आणि त्यांचा यंत्राशी हाताचा परिचय कमी झाल्याचे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाणवत होते. १९८१ च्या ‘बीबीसी मायक्रो’ने एक पिढी घडवली होती, तसे स्वस्त यंत्र पुन्हा हवे होते. रास्पबेरी पायच्या प्रतिकृतींना ‘मॉडेल ए’ आणि ‘मॉडेल बी’ ही नावे त्या जुन्या संगणकावरूनच दिली गेली. नाते नावापुरतेच नाही : बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या ‘एकॉर्न’ कंपनीतच सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी ‘आर्म’ प्रोसेसरची रचना केली, आणि पायच्या पोटात आर्मच आहे.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी पाय विक्रीस आला. किंमत ३५ डॉलर, स्मृती २५६ एमबी, प्रोसेसरचा वेग ७०० मेगाहर्ट्झ. नेक्स्टच्या पहिल्या यंत्राचा वेग २५ मेगाहर्ट्झ होता. पहिल्याच सकाळी इतकी झुंबड उडाली की दोन्ही विक्रेत्या कंपन्यांची संकेतस्थळे कोलमडली. संस्थेने स्वतःचे संकेतस्थळ मात्र आधीच साध्या, स्थिर पानावर आणून ठेवले होते.

त्यावर सर्व्हर उभारण्याची रीत आजही सोपी आहे. मायक्रो एसडी कार्डावर लिनक्सची हलकी आवृत्ती उतरवायची, नेटवर्कची केबल जोडायची, दूरच्या संगणकावरून आत शिरायचे आणि एका आज्ञेने ‘अपाची’ किंवा ‘एनजिनएक्स’ बसवायचा. ठरलेल्या फोल्डरात एक पान ठेवले की घरातल्या कोणत्याही फोनवर ते उघडते. (वीज अचानक गेली तर कार्डावरची माहिती बिघडू शकते. चिठ्ठी अजूनही लागतेच.)

पण ‘घरातल्या’ हा शब्द येथे कळीचा. ते पान उंबरठ्याबाहेरच्या कोणालाही दिसत नाही, कारण ‘१९२.१६८’ने सुरू होणारा तो पत्ता घरापुरताच खरा असतो. इंटरनेटचे जुने पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकंदर सुमारे ४३० कोटी. ते पुरणार नाहीत हे १९९० च्या दशकातच कळले होते, म्हणून अनेक यंत्रांनी एका पत्त्यामागे राहण्याची युक्ती रूढ झाली. वाचणाऱ्याला तिने काही फरक पडत नाही. ऐकत बसणाऱ्या सर्व्हरला मात्र पडतो, कारण बाहेरून आलेली हाक आत कोणासाठी आहे हेच दारावर कळत नाही.

भारतात तर सुरुवातच अशा अर्ध्या जोडणीने झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईस्थित विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, ते टेलिफोनच्या तारेवरून. फोन तुटला की जोडणीही तुटे. पुढे २००५ च्या सुमारास बीएसएनएल आणि एमटीएनएलचे ब्रॉडबँड आले. त्याची जोडणी अखंड होती, पण त्या तंत्राच्या नावातच ‘असममित’ हा शब्द आहे : घरात येणारी वाट रुंद, घरातून जाणारी अरुंद. ग्राहक वाचणार, लिहिणार नाही, हे तारेतच गृहीत धरलेले होते.

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील पत्त्यांचे शेवटचे गट वाटले गेले. आशिया-पॅसिफिक विभागात, म्हणजे भारताच्याही वाट्याला, त्याच एप्रिलपासून शिधावाटप सुरू झाले. पाय बाजारात येण्याच्या जेमतेम दहा महिने आधी. त्यानंतर वाढलेल्या सेवांनी असंख्य ग्राहकांना एकेका पत्त्यामागे बसवले. नव्या, १२८ बिटांच्या पत्त्यांचा वापर भारतात मोठा आहे आणि त्यात प्रत्येक यंत्राला स्वतंत्र पत्ता मिळू शकतो. पण घरचा राउटर बाहेरची हाक बहुधा आत येऊ देत नाही, तेवढी वाट मालकाला स्वतः उघडावी लागते.

जून २०१९ मध्ये ‘पाय ४’ प्रसिद्ध झाला तेव्हा संस्थेचे संकेतस्थळ चालवण्यासाठी १८ पाय ४ एकत्र जोडण्यात आले. २०१२ ची झुंबड ज्यांनी पाहिली होती, त्यांना ही गंमत पुरेपूर कळली असेल. ती १८ यंत्रे होती केंब्रिजच्याच एका होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये. वीज, जोडणी आणि पत्ता तिने पुरवला होता.