दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाताय? फेरीबोटीत बसण्याआधी एवढं वाचा

दिवाळीची सुट्टी लागली की कुंभारी, सोलापूर, अक्कलकोट या भागातून कोकणाकडे जाणाऱ्या गाड्या वाढतात. कुणी मुरूडचा जंजिरा बघायला निघतं, कुणी अलिबागला. कुणी मुंबईत हाजी अली आणि माहीमला जियारत करून पुढं बोटीने मांडव्याला जायचा बेत करतं. नोव्हेंबर लागला की शाळांच्या सहलीही निघतात. खानदानात म्हातारी माणसं असतात, कडेवर लहान लेकरं असतात, आणि बहुतेकांनी समुद्र आयुष्यात एकदा-दोनदाच पाहिलेला असतो.

आपण कोरडवाहू मुलखातली माणसं. पावसाळा गेला म्हणजे समुद्रही शांत झाला, असा आपला हिशेब असतो. तो अर्धाच बरोबर आहे. जून-जुलैत कोकणातला समुद्र बहुतेक बंदच असतो. मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. गेटवे–मांडवा लाँच आणि जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यात थांबतात. तेव्हा "जावं की न जावं" हा निर्णय आपल्या हातात नसतो, तो आधीच झालेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मात्र सगळं सुरू असतं, ऊन पडलेलं असतं, तिकीटखिडकी उघडी असते. म्हणून या दोन महिन्यांत निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो. तो कसा घ्यायचा, त्याची ही माहिती.

पावसाळ्यानंतरचं दुसरं वादळी पर्व

अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये. दुसरा पावसाळा माघारी गेल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. भर पावसाळ्यात वरच्या थरातले जोरदार वारे वादळाला नीट आकार घेऊ देत नाहीत. ते वारे मंदावले आणि ऑक्टोबरच्या उन्हाने पाणी पुन्हा तापलं की कमी दाबाचं क्षेत्र वाढायला मोकळीक मिळते.

हे वादळ दरवेळी समुद्रातच जन्मतं असंही नाही. ऑक्टोबर २०२० आठवा. बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा पट्टा आंध्र, तेलंगण ओलांडून १४ तारखेला आपल्या सोलापूर जिल्ह्यावर आला. शेतं वाहून गेली, पंढरपुरात घाटाजवळची भिंत कोसळून सहा जण गेले. तोच पट्टा आपल्या डोक्यावरून पुढं सरकून अरबी समुद्रात उतरला. म्हणजे सोलापुरात पाऊस थांबला, आभाळ निवळलं, म्हणून दोन दिवसांनी कोकणात समुद्र शांत मिळेल, असं धरून चालता येत नाही.

जुन्या घटना काय सांगतात

८ नोव्हेंबर १८८८. कच्छमधल्या मांडवीहून मुंबईकडे 'वैतरणा' नावाची आगबोट निघाली. विजेचे दिवे असल्यामुळे लोक तिला 'विजळी' म्हणत. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ती वादळात सापडली आणि सातशेहून अधिक माणसांसह बेपत्ता झाली. गुजराती लोकस्मृतीत ही बोट हाजी कासम या नावाशी कायमची जोडली गेली आहे. पुढं झालेल्या चौकशीत बोटीवर जीवरक्षक साधनं पुरेशी नव्हती, असं निघालं.

११ नोव्हेंबर १९२७. 'जयंती' आणि 'तुकाराम' या कोकण किनाऱ्यावरच्या दोन प्रवासी बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या.

१७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाऱ्या-लाटांत कलंडली. घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक जीव गेले. जे वाचले त्यांतल्या अनेकांना मच्छीमारांनी आपल्या होड्यांत घेतलं. ही घटना पावसाळ्यातली आहे, पण "सगळे एका बाजूला" हा तिचा धडा बारा महिने लागू आहे.

११ नोव्हेंबर २००९. 'फयान' चक्रीवादळ अलिबाग ते मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. कोकणातल्या मच्छीमारांचे जीव गेले, बोटी गेल्या.

ऑक्टोबर २०१९, ऐन दिवाळी. 'क्यार' महाचक्रीवादळ कोकणात शिरलं नाही, दूरवरूनच पश्चिमेला निघून गेलं. तरी रत्नागिरी-सिंधुदुर्गात समुद्र खवळला, लाटा किनारा ओलांडून आत आल्या. "वादळ आपल्याकडे येणार नाही" या बातमीचा अर्थ "समुद्र शांत आहे" असा होत नाही, तो यामुळे. वादळाने उठवलेल्या लाटा शेकडो किलोमीटर चालत येतात.

सगळ्या फेऱ्या सारख्या नसतात

*खाडीतली फेरी :* दाभोळ–धोपावे, वेश्वी–बागमांडला, जयगड–तवसाळ, आगरदांडा–दिघी. गाड्या घेऊन जाणाऱ्या या सपाट बोटी आहेत आणि अंतर थोडं असतं. जमीन दोन्ही बाजूंना दिसते, म्हणून धोका त्यामानाने कमी. पण खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर जात असताना समोरून वारा आला, तर तिथंही उंच लाटा उठतात.

*मोठ्या पाण्यातली फेरी :* गेटवे–मांडवा लाँच, आणि भाऊचा धक्का–मांडवा ही २०२०पासून सुरू झालेली रो-रो. साधारण तासाभराचा प्रवास. रो-रो मोठी आणि जड असल्यामुळे कमी हलते. लाँच लहान, तिला लाट जास्त जाणवते.

*किल्ल्याची होडी :* राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्या जातात. पाणी फार लांब ओलांडायचं नसतं. अवघड भाग असतो तो किल्ल्याच्या पायऱ्यांशी चढण्या-उतरण्याचा. होडी लाटेबरोबर वरखाली होते आणि पाऊल चुकलं तर माणूस होडी आणि दगडाच्या मधे सापडतो. गुडघ्याचा त्रास असलेल्या दादीजान-नानीजाननी लाटा असतील तर किनाऱ्यावरूनच किल्ला बघावा. यात कमीपणा काही नाही.

इशारा कसा वाचायचा

निघायच्या चार दिवस आधीपासून हवामान खात्याचं 'मौसम' ॲप किंवा संकेतस्थळ रोज एकदा बघा. सोलापूरचं नव्हे, जिथं जायचं त्या जिल्ह्याचं : रायगड, रत्नागिरी, मुंबई. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे बेत रद्द.

बातम्यांतल्या शब्दांचा अर्थ असा :

- *कमी दाबाचं क्षेत्र :* सुरुवात आहे. बेत मोडू नका, पण पैसे परत मिळणार नाहीत असं बुकिंग करू नका.
- *डिप्रेशन :* वारा ताशी ३१ किलोमीटरच्या वर. लाँच आणि शिडाची होडी टाळा.
- *चक्रीवादळ :* वारा ताशी ६२ किलोमीटर किंवा जास्त. किनाऱ्यावर जाऊच नका.
- *बंदरावर १ किंवा २ नंबरचा बावटा :* दूर समुद्रात वादळी हवामान किंवा वादळ आहे.
- *३ नंबरचा बावटा :* त्या बंदरालाच खराब हवेचा धोका आहे. ४ नंबर त्याहून गंभीर. ५ ते १० म्हणजे मोठा धोका.

एवढं लक्षात राहत नसेल तर एकच वाक्य शोधा : "मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये." ज्यांचं पोट समुद्रावर आहे, त्यांना जाऊ नका सांगितलंय, तर सुट्टीला आलेल्या माणसाने तिकीट काढायचं कारण नाही. धक्क्यावर पोहोचल्यावरही आजूबाजूला बघा. कोळी बांधव आणि कोकणातले आपले मुस्लिम मच्छीमार होड्या ओढून वर घेत असतील, तर त्यांना विचारा. त्यांचा मशवरा कुठल्याही ॲपपेक्षा जवळचा असतो.

चांद बघा, भरती कळेल

भरती-ओहोटी मुलांच्या भूगोलात आहेच. आपल्या घरात हिजरी कॅलेंडर असतं, त्यावरून ती सहज समजते. चांदरातीच्या आसपासचे दिवस आणि चौदावी-पंधरावीच्या चांदानंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. तेव्हा भरती जास्त चढते, ओहोटी जास्त उतरते आणि पाण्याला ओढ असते. आकाशात अर्धा चांद असतो तेव्हा, म्हणजे महिन्याच्या सात-आठ आणि बावीस-तेवीस तारखेच्या सुमारास, भांगाची भरती असते. ती त्यामानाने सौम्य.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते. म्हणून काल ज्या वेळी बोट धक्क्याला नीट लागली, त्याच वेळी आजही लागेल असं नाही. शक्यतो सकाळची फेरी धरा. दुपारनंतर समुद्रावरून वारा वाढतो, आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत विजा-गडगडाट बहुतेक दुपारनंतर, संध्याकाळकडेच होतो.

चढताना आणि बसल्यावर

१. बोटीवर प्रवासी क्षमता लिहिलेली असते. माणसं जास्त दिसली तर पुढची बोट धरा. "बसा, होईल ॲडजस्ट" हे एसटीत चालतं, पाण्यावर नाही.

२. लाइफ जॅकेट आधी, फोटो नंतर. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जण गेले. त्या दिवशी वादळ नव्हतं, हवा स्वच्छ होती.

३. जॅकेट सगळ्या कपड्यांच्या वर असावं : बुरख्याच्या, शालीच्या, ओढणीच्याही वर. ओढणीचे आणि स्कार्फचे मोकळे टोक आत खोचा, कशात अडकू देऊ नका. पट्टे अंगालगत आवळा.

४. लेकरांना लेकरांच्या मापाचंच जॅकेट मागा. मोठ्यांचं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निसटतं. ते नसेल तर त्या बोटीने जाऊ नका.

५. आत बसल्याबरोबर दोन गोष्टी बघून ठेवा : बाहेर पडायचं दार कुठं आहे, आणि जास्तीची जॅकेटं कुठं आहेत.

६. मांडव्याच्या बोटीमागं थंडीच्या दिवसांत समुद्रपक्ष्यांचे थवे येतात. सगळे जण फोटोसाठी एकाच कठड्याला लागतात. खलाशी ओरडला तर ऐका. बोट हेलकावली तरी उठून पळायचं नाही, जागेवर बसून घट्ट धरायचं.

७. गाडी फेरीवर चढवली की हँडब्रेक लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि सगळे खाली उतरून उभे राहा. काचा लावून आत बसू नका.

८. मळमळ होत असेल तर बोटीच्या मधल्या भागात, खालच्या बाजूला बसा आणि दूर क्षितिजाकडे बघा. निघताना पोट भरून बिर्याणी नको, पण उपाशीही नको. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, बोट सुटायच्या आधी.

परत फिरण्याची तयारी घरूनच

खरा धोका बहुतेक वेळा एका वाक्यातून येतो : "एवढ्या लांबून आलोय, आता परत कसं जायचं?" हे वाक्य तोंडात येऊ नये, अशीच आखणी करावी. सोलापूरहून येणाऱ्याला अलिबाग-मुरूडसाठी बोटीची गरजच नाही. पुणे, खोपोली, पेण असा रस्ता आहे. अलिबागहून मुंबईला जायचं तर पनवेलच्या रस्त्याने किंवा जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरून जाता येतं. दाभोळ, दिघी, जयगड इथल्या फेऱ्या बंद असल्या तर खाडीला वळसा घालून रस्ता आहे. वेळ जास्त लागतो, एवढंच. वेळापत्रकात अर्धा दिवस रिकामा ठेवा, परतीची रेल्वे बोटीच्या वेळेला चिकटवून काढू नका, आणि मुलांना आधीच सांगा, "हवा चांगली असली तर बोट." सहलीच्या शिक्षकांनी हेच पालकांना लेखी कळवावं. म्हणजे धक्क्यावर कुणी कुणाला जबरदस्ती करत नाही.

आणि आपली उजनी

समुद्र लांब आहे, उजनी जवळ आहे. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक प्रवासी पोहून काठाला लागला. गोडं पाणी असो की खारं, वाऱ्याला फरक पडत नाही. आभाळ काळवंडलं, गार वारा सुटला की धरणातल्या होडीत पाय ठेवायचा नाही. जॅकेटचा नियम तिथंही तोच.

फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा

- कुठलीही आपत्ती : ११२
- तटरक्षक दल, समुद्रातील बचाव : १५५४
- सागरी पोलीस : १०९३

सफरची दुआ पढून निघाच. जॅकेटचे पट्टे आवळायला आणि गरज पडली तर "आज नको" म्हणायलाही विसरू नका. किल्ला पुढच्या वर्षीही तिथंच असतो.