पाकिटावर न दिसलेला माठ

आज मी तुम्हाला एका खुणेचा इतिहास सांगणार आहे. खूण आहे माठाची, आपल्या साध्या मातीच्या माठाची. घरातल्या धुण्याच्या पावडरीच्या पाकिटावर, साबणाच्या वेष्टनावर किंवा रंगाच्या डब्यावर ही खूण कधी पाहिलीत का, जरा आठवून बघा. गटाच्या बैठकीत मी हे विचारलं की बायका एकमेकींकडे बघतात. मग कुणीतरी म्हणतं, "तो हिरवा ठिपका असतो, तोच ना?" तो नव्हे. हिरवा ठिपका २००१ पासून खाण्याच्या पाकिटांवर आला. आतला पदार्थ शाकाहारी आहे, एवढंच तो सांगतो. फ्रीजवरचे तारे विजेचं सांगतात, आयएसआय दर्जाचं सांगतं, ॲगमार्क शेतमालाच्या प्रतीचं सांगतं. माठाचं सांगणं निराळं होतं. ही वस्तू बनवताना, वापरताना आणि टाकून दिल्यावर हवा, पाणी आणि माती यांना तिच्यासारख्या इतर वस्तूंपेक्षा कमी त्रास होतो, असं तो सांगणार होता. या योजनेचं नाव इकोमार्क. केंद्र सरकारने ती फेब्रुवारी १९९१ मध्ये काढली. तेव्हा माझ्यासारख्या पाळण्यात होत्या, म्हणजे खूण आमच्याच वयाची.

अशी खूण काढायची वेळ का आली, हे समजायचं तर धुण्याच्या दगडापाशी जावं लागतं. बी.ए.ला माझा इतिहास होता. त्यात तह आणि लढाया भरपूर होत्या, साबण कुठेच नव्हता. पण बायकांच्या आयुष्याचा केवढा वेळ त्या दगडापाशी गेला आहे!

आपल्या आज्यांकडे रिठा होता, शिकेकाई होती, चुलीची राख होती आणि धुण्याचा सोडा होता. रिठ्याने रेशमी लुगडं धुवायचं, राखेने भांडी घासायची. विलायतेहून आलेल्या सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. नंतर देशात साबणाचे कारखाने निघाले आणि ५०१ ची वडी घरोघर पोचली. पण साबणाची एक अडचण होती, ती तुम्हालाही माहीत आहे. पाणी जड असलं, म्हणजे ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही तसं, की साबणाला फेस येत नाही आणि कपड्यावर पांढरट राप बसतो. धुण्याची पावडर आली ती ही अडचण सोडवायला. १९५९ मध्ये आपल्याकडे सर्फ आला. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी निरमा बनवून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. सर्फ तेरा-पंधरा रुपये किलोच्या घरात असताना निरमा तीन-साडेतीन रुपयांना मिळायचा. टीव्हीवरच्या ललिताजी आपल्या आयांना अजून आठवतात, त्या याच भांडणातून जन्मल्या.

एक सांगून ठेवते. पर्यावरणाविषयी बोलणारे काही लोक पावडरीला नावं ठेवतात आणि "पूर्वी कसं सगळं नैसर्गिक होतं" म्हणतात. त्यांनी दहा माणसांचं धुणं राखेच्या पाण्यात एकदा धुऊन बघावं. पावडरीने बाईचे तास वाचवले, कंबर वाचवली. तिची किंमत पाण्याने मोजली, हा मुद्दा वेगळा आहे आणि तोच आता सांगते.

ती किंमत आधी दिसली परदेशात, कारण पावडर तिथे आधी पोचली होती. १९५० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत जर्मनी आणि अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. अमेरिकेत काही ठिकाणी नळाच्या पाण्यालाही फेस यायचा. कारण असं, की मळ सुटावा म्हणून पावडरीत जे मुख्य रसायन घालतात, त्याच्या रेणूला तेव्हा खूप फांद्या होत्या. पाण्यातले जिवाणू एरवी सगळं खाऊन फस्त करतात, पण या फांद्यांपाशी ते अडायचे. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला आणि १९६४ पासून तो लागू झाला. जिवाणूंना खाता येईल असंच रसायन वापरा, असं त्यात होतं. कारखानदारांनी फांद्या काढून सरळ साखळीचं रसायन आणलं. अमेरिकेतही १९६५ च्या सुमारास हाच बदल झाला. आज आपल्या बाजारात ज्याला 'ॲसिड स्लरी' म्हणतात, ते याच सरळ साखळीच्या घराण्यातलं. म्हणजे आपल्या बादलीतली पावडर पन्नास सालच्या पावडरीपेक्षा बरी आहे, आणि ती आपोआप बरी झाली नाही. कुणीतरी तक्रार केली, कायदा झाला, तेव्हा झाली.

फेस गेला, पण पाणी हिरवं होऊ लागलं. पाणी जड असलं तरी पावडर चालावी म्हणून तिच्यात फॉस्फेट घालत. फॉस्फेट म्हणजे खतच. आपण पिकाला देतो तसलं. ते सांडपाण्याबरोबर तळ्यात गेलं की शेवाळ माजतं. ते मरून कुजलं की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचं एरी सरोवर असंच घुसमटलं. कंपन्या म्हणाल्या, दोष फॉस्फेटचा नाही, कार्बनचा आहे. मग डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात एक प्रयोग केला. मला तो फार आवडतो, कारण तो कुणालाही डोळ्यांनी कळतो. २२६ क्रमांकाचं एक लहान तळं होतं, मध्ये कंबरेसारखं निमुळतं. १९७३ मध्ये त्या कंबरेत त्यांनी प्लास्टिकचा पडदा लावून तळ्याचे दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजन टाकलं. एकातच फॉस्फरस जास्तीचं टाकलं. ज्यात फॉस्फरस, तो भाग हिरवागार झाला. पलीकडचा होता तसाच राहिला. विमानातून काढलेला तो फोटो अजून पुस्तकांत छापतात. कॅनडाने फॉस्फेटवर १९७० मध्येच मर्यादा आणायला सुरुवात केली होती. या फोटोपुढे मात्र कंपन्यांना बोलायला फारसं उरलं नाही. युरोपने घरगुती पावडरीतलं फॉस्फेट २०१३ मध्ये जवळजवळ बंद केलं.

आपल्याकडे रंकाळ्यात, पंचगंगेत, उजनीच्या पाण्यात जलपर्णी कशी पसरते ते आपण पाहतोच. त्याचा सगळा दोष पावडरीला देणं खरं नाही. मैलापाणी आणि शेतातून वाहून आलेलं खत यांचा वाटा त्यात मोठा आहे. आणि गंमत बघा, स्वस्त पावडरीत भर असे ती सोड्याची. फॉस्फेट महाग, म्हणून ते टाळलेलं. सोड्याने हाताची सालं निघायची, पण तळ्याला ती पावडर महागड्या पावडरीपेक्षा सोसवणारी. किमतीवरून किंवा पाकिटाच्या देखणेपणावरून काही ठरवता येत नाही, ते असं.

मग गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? हाच प्रश्न जर्मनीत पडला आणि १९७८ मध्ये तिथे 'ब्लू एंजल' नावाची खूण आली. पर्यावरणाची सरकारी खूण म्हणून ती जगातली पहिली. त्यानंतर तेरा वर्षांनी आपला माठ आला. माठच का निवडला, याचं सरकारने दिलेलं कारण वाचून मला बरं वाटलं. माठ मातीचा, पुन्हा मातीत जाणारा, त्याला फार ऊर्जा लागत नाही, त्याच्यापासून घातक कचरा होत नाही. शिवाय तो भक्कम दिसतो आणि जपला नाही तर फुटतो, निसर्गासारखाच.

नियमही चांगले होते. साबण, कागद, रंग, प्लास्टिक, कापड, बॅटरी अशा अनेक प्रकारच्या वस्तूंसाठी निकष ठरले. धुण्याच्या पावडरीला माठ हवा असेल तर तिच्यात फॉस्फेट नको, मळ काढणारं रसायन जिवाणूंना खाता येणारं हवं, आणि मुख्य घटकांची यादी, जास्त असेल ते आधी, अशी पाकिटावर हवी. घटकांच्या यादीची ही अट मला सगळ्यांत मोलाची वाटते. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती, साखर किती ते आपण वाचू शकतो. पावडरीच्या पाकिटावर बहुतेक वेळा फुलं आणि चमचमणारा शर्टच असतो.

तरी माठ दुकानात पोचला नाही. खूण ऐच्छिक होती, घ्या नाहीतर नका घेऊ. आधी आयएसआय दर्जा गाठा, मग माठासाठी पुन्हा तपासणी आणि पुन्हा खर्च. एवढं करून जादा गिऱ्हाईक येईल याची कंपनीला खात्री नव्हती, कारण गिऱ्हाइकाला माठ ठाऊकच नव्हता. आणि गिऱ्हाइकाला ठाऊक करून द्यायचं काम कुणी मनावर घेतलं नाही. मोजक्याच कंपन्यांनी ही खूण घेतली. माझ्या मते इथे बायकांना विसरले. पावडर कोण विकत घेतं, हे ललिताजींच्या जाहिरातवाल्यांना बरोबर कळलं होतं. सरकारी खात्याला कळलं नव्हतं.

माठाची जागा रिकामी राहिली तिथे हिरवं पान आलं. 'इको', 'ग्रीन', 'नॅचरल' हे शब्द आले. ते छापायला कुणाची परवानगी लागत नव्हती. २०२४ मध्ये यावर दोन गोष्टी झाल्या. सप्टेंबरमध्ये इकोमार्कचे नवे नियम निघाले आणि १९९१ ची योजना त्यांत बदलून घेतली. ऑक्टोबरमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने खोट्या पर्यावरणी दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' असे मोघम शब्द नुसते वापरायचे नाहीत. का म्हणता ते सांगा आणि त्याचा पुरावा ठेवा, असं त्यात आहे. ग्राहक संरक्षण कायद्यात पाकिटावरचं लेबलसुद्धा जाहिरातच धरतात.

हे सगळं आमच्या गटाच्या कामाचं ठरलं, कारण आम्ही भांडी घासायचं लिक्विड करतो. पुष्कळ गट करतात. सामान तेच: ॲसिड स्लरी, थोडा कॉस्टिक सोडा, दाटपणासाठी मीठ, हिरवा रंग आणि लिंबाचा वास. त्यात लिंबू नसतं. लेबलाचा नमुना आला त्यावर पान होतं, लिंबाची फोड होती आणि '१०० टक्के इको-फ्रेंडली' असं होतं. बैठकीत चांगली तासभर चर्चा झाली. एक मावशी म्हणाल्या, "सगळेच लिहितात, आपण नाही लिहिलं तर आपला माल मागे पडेल." त्यांचं म्हणणं पोटाचं होतं, त्याला हसून चालत नाही. दुसरीने सुचवलं, रिठा घालू, मग तर खरंच नैसर्गिक. रिठ्याचा फेस माशांना विषारी असतो. तोही ओढ्यात सोडायचा नसतो, बांधावरच्या मातीत मुरवायचा. नैसर्गिक असणं आणि पाण्याला निरुपद्रवी असणं या दोन गोष्टी एक नाहीत.

शेवटी ठरलं ते असं. आत जे आहे त्याची यादी मराठीत छापायची. फॉस्फेट घालत नाही, ते खरं आहे, म्हणून छापायचं. एका घमेल्यातल्या भांड्यांना किती चमचे पुरेत ते छापायचं, कारण जादा ओतलेलं लिक्विड मोरीतूनच जातं. धुणं-भांड्याचं पाणी ओढ्याकडे न काढता शोषखड्ड्यात सोडा, हेही एका ओळीत. रिकामी बाटली परत आणणारीला त्याच बाटलीत लिक्विड कमी दराने भरून द्यायचं. स्लरी सरळ साखळीचीच आहे ना, हे विक्रेत्याकडून लेखी मागायचं काम अध्यक्षताईंनी घेतलंय. ते पत्र आलं की त्याबद्दलची ओळ लेबलावर येईल. तोवर तेवढी जागा आम्ही कोरी ठेवली आहे.