राउटरचं डोकं कुणाच्या खिशात?

राउटर म्हणजे दोन नेटवर्कांच्या मधला नाकेदार. कुठलं पॅकेट कुठे धाडायचं, एवढंच त्याचं काम. त्याला मोठं यंत्र लागत नाही. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात 'लिनक्स राउटर प्रोजेक्ट'नं हे दाखवून दिलं. अडगळीतला ४८६ पीसी, दोन नेटवर्क कार्डं आणि १.४४ मेगाबाइटची एक फ्लॉपी. हार्ड डिस्क नाहीच. फ्लॉपीवरची दाबून बसवलेली लिनक्स रॅममध्ये उलगडायची आणि पुढचा सगळा कारभार रॅममधूनच चालायचा. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवली, की तिच्यावर कुणाला काही लिहिता येत नसे. एखाद्या घुसखोरानं आत धुमाकूळ घातलाच, तर यंत्र बंद करून परत चालू करायचं. पाटी कोरी!

ही काटकसर होतीच, पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: डबा टेबलावर आणि त्याचं डोकं मालकाच्या खिशात.

पुढे घरगुती वापराचे तयार राउटर आले. स्वस्त, सुटसुटीत, आवाज न करणारे. डोकं मात्र बोर्डावर पक्क्या बसवलेल्या फ्लॅश चिपमध्ये गेलं. लिंकसिसच्या निळ्याकाळ्या डब्ल्यूआरटी५४जीमध्ये ही चिप ४ मेगाबाइटची होती. २००३मध्ये लोकांच्या लक्षात आलं, की आत लिनक्सच आहे. जीपीएल परवान्याच्या अटींमुळे कंपनीला सोर्स कोड द्यावा लागला आणि २००४मध्ये त्यातूनच 'ओपनडब्ल्यूआरटी' उभं राहिलं.

कोड हाती आला, तरी जागा होती तेवढीच. शिवाय चिपमध्ये लिहिताना काही बिघडलं, तर राउटरची वीट व्हायची. मग हौशी मंडळींनी झाकण उघडलं आणि समोरच्या दिव्यांसाठी वगैरे ठेवलेल्या सिग्नलच्या टोकांना एसडी कार्डाचं खाचण सोल्डर केलं. एसपीआय पद्धतीत कार्डाशी बोलायला सिग्नलच्या चार तारा पुरतात. बूटलोडरला हे कार्ड वाचता येत नसे, म्हणून कर्नल आतल्या चिपमधूनच उठायचा; तो कार्डाचा ड्रायव्हर चढवायचा आणि मग सगळं बिऱ्हाड कार्डावर हलायचं. कार्डावर काही फसलं, तर ते काढायचं. आतली मूळ प्रणाली शाबूत.

२००५मध्ये कंपनीनं नव्या आवृत्तीत चिप २ मेगाबाइटवर आणली आणि लिनक्सच्या जागी व्हीएक्सवर्क्स बसवलं. लिनक्सवाल्यांसाठी जुनाच डबा 'जीएल' नावानं वेगळा विकायला ठेवला. म्हणजे, जे आधी सगळ्यांना आपसूक मिळत होतं, ते आता मागून घ्यायचं!

परवान्यामुळे कोड वाचायचा हक्क मिळाला. तो निर्धास्तपणे बदलून बघायची सोय मात्र काढता येणाऱ्या कार्डानं दिली. म्हणून आजही राउटर घेताना मी वेगाचे आकडे नंतर बघतो; आधी यूएसबीची खाच आहे का आणि बूटलोडरला कुलूप तर नाही ना, हे विचारतो.