बार्शी लाइट : रुळांचा इतिहास आणि माणसांचा इतिहास

बार्शी लाइट रेल्वे आज अस्तित्वात नाही. कुर्डुवाडीहून एकीकडे बार्शी-येडशीमार्गे लातूर आणि दुसरीकडे पंढरपूरमार्गे मिरज, असा सुमारे ३२५ किलोमीटरचा हा नॅरोगेज मार्ग होता. त्याच्या दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. लातूर-कुर्डुवाडी भाग २००८ पर्यंत ब्रॉडगेज झाला. पंढरपूर-मिरज भाग त्यानंतर दोन-तीन वर्षांत. छोटी गाडी गेली, तसा तिच्याविषयीचा जिव्हाळा वाढला. पण हा जिव्हाळा इंजिनांचा, डब्यांचा आणि संथ प्रवासाच्या गमतीचा आहे. भराव कोणी घातले, खडी कोणी फोडली आणि गाडीतून उतरल्यावर कोणाला कुठे थांबवले गेले, हे प्रश्न त्यात येत नाहीत. दलित समाजाच्या दृष्टीने या मार्गाचा इतिहास या प्रश्नांपासूनच सुरू होतो.

मार्गाची कल्पना एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची. जी. आय. पी. रेल्वेची मुंबई-मद्रास वाट बार्शीला टाळून गेली होती. कापूस आणि गळिताच्या धान्यांची ही मोठी पेठ. पण माल बैलगाड्यांनी कुर्डुवाडीच्या स्टेशनापर्यंत न्यावा लागे. त्या स्टेशनाचे तेव्हाचे नावच ‘बार्शी रोड’. १८९५ मध्ये लंडनमध्ये कंपनी नोंदली गेली आणि १८९७ मध्ये बार्शीपर्यंत गाडी धावू लागली. सोलापूर जिल्ह्यात तो दुष्काळाचा काळ होता. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडले गेले. ब्रिटिश मुलूख, निजामाचे राज्य आणि मिरज संस्थान अशा वेगवेगळ्या सत्तांच्या हद्दींतून ही एक वाट जात होती. १९५४ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली आणि मार्ग मध्य रेल्वेत आला.

कॅलथ्रॉपचे तंत्र साधे होते. गाडीचा भार प्रत्येक आसावर सारखा वाटायचा, कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त येऊ द्यायचा नाही. मग हलक्या, स्वस्त रुळांवरूनही जड माल नेता येतो. लोखंडाच्या बाबतीत हे गणित बरोबर ठरले. ज्या समाजातून हे रूळ गेले, तिथे मात्र सगळा भार एकाच आसावर होता.

गावगाड्यात महाराचे काम काय होते? सरकारी टपाल पोचवणे, वाट दाखवणे, अंमलदाराचे ओझे वाहणे, खजिन्याबरोबर चालत जाणे. म्हणजे रेल्वे आणि तार येण्यापूर्वी दळणवळणाचा मोठा भाग महाराच्या पायांवर चालत होता. रेल्वेने हे काम कमी केले असेल. पण वतनाची गुलामी कमी केली नाही. मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते १९२८ मध्ये, आणि ही वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. रुळांवर वाफेचे इंजिन धावत होते, तेव्हा त्याच रुळांच्या कडेच्या गावांत येसकर दारोदार भाकरी मागत होता. यंत्र आले की समाज आपोआप बदलतो, असे मानणाऱ्यांनी ही दोन दृश्ये शेजारी ठेवून पाहावीत.

तरीही रेल्वेने काहीच दिले नाही असे म्हणणे चूक ठरेल. रेल्वेची मजुरी रोख होती. ती बलुत्यासारखी पाटलाच्या मर्जीवर मिळत नव्हती. गाव सोडून जाण्याची वाट खुली झाली. पण नोकरीतही जात रुळांबरोबर आलीच. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ती नेमकी दाखवून दिली. दलित कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. त्याला पोर्टरची जागासुद्धा दुर्मीळ. कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो आणि सवर्ण मास्तरच्या घरात अस्पृश्य चालत नाही. कारखान्यातही तो कुली. कारागिराच्या जागा इतरांच्या. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हा विचार बाबासाहेबांनी याच परिषदेत मांडला. तो रेल्वेच्या रोजच्या अनुभवातून आलेला होता, हे विसरता कामा नये. बार्शी लाइट वेगळी कंपनी होती. पण तिचा इतिहास लिहिणाऱ्यानेही कुर्डुवाडीच्या कारखान्याला आणि वाटेवरच्या प्रत्येक स्टेशनाला हाच प्रश्न विचारला पाहिजे.

पंढरपूरचे उदाहरण आणखी बोलके आहे. १९०६ पासून गाडी वारकऱ्यांना पंढरीपर्यंत आणून सोडत होती. तिकिटाचा दर जात पाहून ठरत नव्हता. पण विठ्ठलाच्या महाद्वाराशी, चोखामेळ्याच्या समाधीपाशी, अस्पृश्याची यात्रा संपत होती. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. म्हणजे रेल्वे गावात आल्यापासून देवाच्या दारापर्यंतचे शेवटचे काही हात ओलांडायला ४१ वर्षे लागली. ते अंतर इंजिनाने कापले जाणारे नव्हतेच.

आता तडवळे. बार्शी-लातूर वाटेवरचे हे गाव तेव्हा ब्रिटिश हद्दीत; भोवती निजामाचा मुलूख. फेब्रुवारी १९४१ मध्ये तेथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब तेथे आले. वतनाच्या जोखडाखालच्या दोन जाती एका मंडपात बसल्या. कापसासाठी घातलेल्या वाटेवरच्या या गावाचे खरे ऐतिहासिक मोल या परिषदेमुळे आहे. कंपनीच्या जमाखर्चात ते सापडणार नाही. रेल्वेने मुक्ती दिली नाही. मुक्तीसाठी उठलेल्या माणसांनी आपली वाट आपणच घातली.

म्हणून लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज येथील विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना एक विनंती आहे. जुनी इंजिने रंगवून चौथऱ्यावर ठेवता येतात; गँगमनची आठवण तशी ठेवता येत नाही. या मार्गावर राबलेली पिढी थकली आहे. तिच्याकडे जा. कोणत्या गावातून आलात, कोणाच्या ओळखीने लागलात, बढती मिळाली का, पाणी कुठे प्यायलात, क्वार्टर कोणाच्या शेजारी मिळाले, हे विचारा आणि बोलीतच लिहून घ्या. बायांनाही विचारा, त्यांच्या डोक्यावरच्या पाट्यांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. रूळ उचलले गेले आहेत. त्यांच्याखाली ज्यांचा घाम मुरला त्यांचा इतिहास आपण लिहिला नाही, तर दुसरे कोणी लिहिणार नाही.