ठाण मांडलेला पाऊस

आमच्या रबाळ्याच्या पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला ठाण्याची खाडी. मधली पट्टी चिंचोळी. आज तिथं एमआयडीसीचे कारखाने, ठाणे-बेलापूर रस्ता, रेल्वे आहे. आजी लग्न होऊन आली तेव्हा होती भातखाचरं, मिठागरं आणि डोंगरातून उतरणारे वहाळ.

आजी पाऊस दोन तऱ्हेचा मानायची, चालता आणि बसता. "पोरा, ढग चालता असला तं भिव नको. ठान मांडून बसला का वहालात पाय टाकू नको."

तिच्या सासऱ्यांची एक रात्र ती पुन्हा पुन्हा सांगे. लावणी आटोपली होती. गावात भुरभुर, पण डोंगर मात्र काळ्या ढगाखाली गडप झालेला. तासाभरात वहाळ लाल पाण्यानं फुगून खाचरांत शिरला. खाडीला उधाण, म्हणून बांधावरची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची फळ्यांची झडप, बंद. भरतीत ती उघडली तर खारं पाणी आत येऊन जमीन नासणार. म्हातारबाबा कंदील घेऊन गुडघाभर पाण्यात बांधावर उभे राहिले. ओहोटी लागली तशा त्यांनी एकेक फळी काढली. उजाडेपर्यंत डोंगराचं पाणी खाडीत गेलं, लावलेलं भाताचं आवण वाचलं.

ढग असा बसतो, कारण वरच्या हवेत त्याला ढकलणारा वारा नसतो. खालून समुद्राची ओल येतच राहते आणि एक ढग रिता होतो तिथंच दुसरा भरतो. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बिग थॉम्पसन नदीच्या घळीत 31 जुलै 1976 च्या संध्याकाळी असाच ढग अडकला. त्या पुरात 140 हून अधिक माणसं गेली.

आमच्याकडे तो 26 जुलै 2005 ला बसला. पुष्य नक्षत्र, म्हणजे म्हातारा पाऊस. चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम 73! त्या दुपारी आजी ओटीवर बसून डोंगराकडे बघत होती. डोंगर दिसेनासा झाला तसं तिनं पोरांना आत घ्यायला लावलं, तांदळाची कणगी माळ्यावर चढवायला लावली. थोड्याच वेळात अंगणात लाल पाणी आलं. ते आलं जुन्या वहाळाच्या वाटेनंच. वहाळाच्या जागी आता भिंतींत कोंडलेला नाला होता आणि रस्त्याखाली त्याच्या निम्म्या रुंदीची मोरी. वर खाणींनी डोंगर सोललेला, त्यामुळे पाणी धरून ठेवायला झाड नाही, माती नाही. पाण्याचा दोष मला कधीच वाटला नाही. आपण त्याची वाट बुजवली.

आजी आता नाही. उघाडीही नाही. पण खाडीकाठच्या गावांतून वहाळ कुठून जायचा हे ठाऊक असलेली माणसं अजून आहेत. तुमच्या आळीत असं कुणी असेल, तर मृगाआधी त्यांचा हात धरून एकदा त्या वाटेनं चाला, आणि मोरीत अडकलेला कचरा त्याच दिवशी काढा.