हरणाची बंदूक आणि ठाण्याचे रान

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून, हा गृहस्थ आपणांस शिकारीला नेणार की काय, अशी शंका काही श्रोत्यांना आली असेल. तसे काही नाही. हरणाची शिकार आपल्या देशात कायद्याने बंद आहे, आणि ती बंद आहे हे फार चांगले आहे. परंतु हरणावर कोणती बंदूक चालवावी आणि तिच्यावर दुर्बीण बसवावी की नाही, हा प्रश्न या देशात शंभर वर्षे मोठ्या गांभीर्याने विचारला जात होता. लोखंड, दारू आणि काच यांच्या जोरावर कारागिरांनी त्याची उत्तरे दिली; सरकारने परवान्याच्या कागदावर निराळे उत्तर दिले. ठाणे जिल्ह्याच्या रानात हरणाचे जे काही झाले, त्यात या कागदाचा वाटा पुष्कळ मोठा होता असे माझे मत आहे. ते आपणांपुढे मांडतो.

प्रथम जनावर पाहू. आपण सरसकट हरीण म्हणतो, पण सोलापूर-अहमदनगरकडचे माळावरचे काळवीट वेगळे आणि आपल्याकडचे रानातले प्राणी वेगळे. येऊरच्या डोंगरात, तानशाच्या जंगलात, माळशेजच्या पायथ्याला मुरबाड-शहापूरकडे आढळणारी जनावरे म्हणजे सांबर, चितळ आणि भेकर. भेकर वीस-पंचवीस किलोचे, बोकडापेक्षा फार मोठे नाही. सांबराचा पुरा वाढलेला नर दोनशे किलोच्याही वर जातो. एकाच रानात, एकाच सकाळी, यांपैकी कोणते समोर येईल याचा नेम नाही. म्हणजे बंदूक निवडणाऱ्याची पहिली अडचण येथेच उभी राहते. सांबराला पाडणारी गोळी भेकराच्या चिंधड्या करते, आणि भेकराला पुरणारी गोळी सांबर अंगावर घेऊन दोन कोस निघून जाते व तिसऱ्या दिवशी ओढ्यात मरते.

दुसरी गोष्ट अंतराची. देशावरच्या माळावर काळवीट माणसाला दोनशे-तीनशे कदमांवरून पाहते आणि तेवढे अंतर राखूनच चरते. ठाण्याच्या रानात साग, ऐन, खैर यांच्या खाली कारवी माणसाच्या डोक्यावर वाढलेली असते. पावसाळ्यानंतर चार महिने तर तीस कदमांपलीकडे काही दिसेल तर शपथ! भेकर भुंकते ते ऐकू येते, दिसते ते त्याचे शेपूट. या रानात बार होई तो वीस, तीस, फार तर साठ कदमांवर. हे अंतर लक्षात ठेवावे. पुढच्या सगळ्या गोष्टी त्याच्याशी येऊन भिडतात.

आता बंदुकीकडे वळू. आपल्याकडे आधी आली ती तोड्याची बंदूक. जळता तोडा कानावरच्या दारूला लावायचा आणि बार उडेपर्यंत हात हलू द्यायचा नाही. या बंदुकीला हीन समजण्याचे कारण नाही. अकबराच्या ‘संग्राम’ नावाच्या बंदुकीने हजारावर जनावरे मारल्याची नोंद अबुल फजलने करून ठेवली आहे. कोकणातले हेटकरी तर नेमबाजीसाठीच नावाजलेले होते. ग्रँट डफने आपल्या इतिहासात मावळ्यांची तलवार आणि हेटकऱ्यांचा नेम असा फरक केलेला आहे. परंतु नळी आतून गुळगुळीत आणि गोळी वाटोळी. पन्नास-साठ कदमांपलीकडे ती गोळी कोठे जाईल हे नेमबाजाच्या हाती फारसे उरत नसे. पुढे तोड्याच्या जागी गारेचा चाप आला, मग टोपी आली. पण नळी तीच आणि ठासणीही तीच. गज घालून दारू ठासायची, वर चिंधी, वर गोळी. हीच ती ठासणीची बंदूक. तिची आठवण ठेवा, कारण ठाण्याच्या रानातून ती पुढे शंभर वर्षे हलली नाही.

युरोपात मात्र एकोणिसाव्या शतकात मोठी उलथापालथ झाली. नळीच्या आतून मळसूत्री खाचा पाडल्या म्हणजे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि फिरणारा भोवरा जसा उभा राहतो तशी ती आपली वाट सोडत नाही, हे ज्ञान जुनेच होते. अडचण होती ती गोळी खाचांत घट्ट बसवायची कशी ही. मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १८४९ च्या सुमारास बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी काढली. बार होताच तिचे बूड फुगून खाचांत बसे. याच तत्त्वावरची १८५३ ची एन्फील्ड रायफल हिंदुस्थानी पलटणींत आली, आणि तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी १८५७ साली काय घडवले हे मी ठाणेकरांना सांगायला नको. योगायोग असा की त्याच १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली आणि पुढच्या वर्षी ती कल्याणला पोहोचली. मुंबईच्या साहेबाच्या दृष्टीने साष्टीचे आणि कल्याणकडचे रान आता एका सकाळच्या वाटेवर आले.

त्यानंतरची प्रगती मी झपाट्याने सांगतो, कारण ती पुस्तकांत पुष्कळ आहे. मागून भरायची बंदूक आली, पितळी काडतूस आले. १८८० च्या दशकात बिनधुराची दारू निघाली आणि गोळीचा वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या पुढे गेला. वेग वाढल्यामुळे गोळी लहान करता आली. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या शिकारीनंतर बक्षीस मिळालेली २७५ बोअरची रिग्बी रायफल ही या नव्या जातीची होती: सात मिलिमीटरची गोळी, हलके वजन, हरणापासून बिबळ्यापर्यंत पुरेशी. भारतातल्या हरणासाठी रायफल निवडायची तर ती याच जातीची, असे विसाव्या शतकातल्या बहुतेक जाणत्या शिकाऱ्यांचे मत होते. गोळी मऊ नाकाची असावी, म्हणजे ती आत फुलते आणि जनावर जागीच बसते. कडक वेष्टणाची गोळी आरपार जाते आणि जनावर धावत राहते. शिकाऱ्याचा सगळा धर्म या ‘जागीच बसते’ या दोन शब्दांत होता.

आणि दुर्बीण? बंदुकीवरच्या दुर्बिणीचा उपयोग अमेरिकेच्या यादवी युद्धात झालेला होता. शिकारीत ती जर्मन आणि ऑस्ट्रियन काचकारागिरांनी रूढ केली. पुष्कळांची समजूत अशी की दुर्बीण लांबचे मारण्यासाठी असते. माळावर ते खरे. आपल्या रानात नाही. वीस कदमांवर चौपट मोठे करून पाहिले तर काचेत नुसता केसांचा पट्टा दिसतो, तो खांद्याचा की पुठ्ठ्याचा हे कळत नाही. शिवाय दुर्बीण नळीच्या दीडेक इंच वर बसलेली. इतक्या जवळून गोळी नेमाच्या तितकीच खाली लागते. त्यापेक्षा माशी आणि खाच यांवर नेम धरणारा, दोन्ही डोळे उघडे ठेवून बार टाकणारा माणूस सरस ठरे.

तरीही दुर्बिणीचे एक मोल होते, आणि ते अंतराचे नव्हे तर उजेडाचे. सांबर चरायला निघते ते तिन्हीसांजेला. त्या वेळी माशी दिसेनाशी होते. अंधारात माणसाची बाहुली साधारण सात मिलिमीटर उघडते. बत्तीस मिलिमीटरच्या काचेची, चौपट मोठे दाखवणारी दुर्बीण आठ मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात सोडते. म्हणजे डोळ्याला घेता येईल तेवढा सगळा उजेड मिळतो. त्याच काचेतून नऊपट मोठे करायला गेलात तर झोत साडेतीन मिलिमीटरचा होतो आणि चित्र मोठे पण काळवंडलेले दिसते. तेव्हा जास्त पट म्हणजे जास्त चांगले, हा दुकानदाराचा हिशेब रानात लागू पडत नाही. शिंगे आहेत की नाहीत, नर की मादी, हे बार टाकण्यापूर्वी दिसावे यासाठी साधी चौपट दुर्बीण उपयोगी होती. पण आमच्या कोकणच्या हवेने तिलाही सुख लागू दिले नाही. जुन्या दुर्बिणींत आत ओल शिरे, काच धुरकटे, पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढे. दुसऱ्या महायुद्धानंतर आत नायट्रोजन भरून सीलबंद केलेल्या दुर्बिणी निघाल्या तेव्हा कोठे हे दुखणे हटले. आणि तोपर्यंत आपल्याकडे शिकारीचे दिवस मावळत आले होते.

येथवर लोखंडाचे आणि काचेचे झाले. आता कागदाकडे येतो.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्यावाचून हत्यार बाळगता येईना. युरोपियनाला मात्र त्यातून सूट होती. काँग्रेसने आपल्या पहिल्या काही अधिवेशनांतच याविरुद्ध ठराव केले, आणि ही वांशिक सूट निघायला १९२० साल उजाडावे लागले. राजकारणाच्या अंगाने हा इतिहास आपण शिकलो आहोत. रानाच्या अंगाने तो कोणी फारसा पाहिलेला नाही. मुंबईचा साहेब आणि त्याच्या पंक्तीला बसणारे चार सरदार-संस्थानिक यांच्या हाती उत्तम रायफल होती. मुरबाडच्या शेतकऱ्याला, नाचणी-वरईचे पीक सांबर-डुकरांपासून राखायचे म्हणून, पीकसंरक्षणाचा परवाना मिळाला तर तो ठासणीच्या बंदुकीचा. कातकऱ्याला तोही नाही. त्याच्याजवळ तीरकमठा आणि फासे. बरी स्थिती असलेल्या गावकऱ्याकडे फार तर बारा बोअरची दुनळी, आणि तिच्यात एल. जी.चे काडतूस: वाटाण्याहून मोठे मोजके छरे. वीस कदमांवर ते ठीक चालतात. चाळीस कदमांवर ते फाकतात आणि सांबराच्या अंगात दोन-तीन शिरतात. असे जनावर जागीच बसत नाही.

मग शिकारी काय करणार? जवळून मारायचे तर जनावर जेथे येतेच तेथे बसायचे. पाणवठ्यावर मचाण बांधायचे, चाटणाच्या जागी दबा धरायचा, रात्री बॅटरीचा झोत डोळ्यांवर टाकून जनावर खिळवायचे. साहेबांच्या शिकारग्रंथांतून या पद्धतींवर पुष्कळ तिरस्कार ओतलेला आढळतो, आणि पद्धती तिरस्करणीय होत्याच. उन्हाळ्यातल्या शेवटच्या डबक्यावर पाडस घेऊन आलेल्या मादीला मारणे यात पुरुषार्थ कसला? पण ज्याच्या हाती साठ कदमांचे हत्यार मुद्दाम ठेवले त्याने दीडशे कदमांचा धर्म पाळला नाही, अशी तक्रार करणे हा न्याय नव्हे. एकाच घावात मारण्याची नीती त्या काळी परवान्याबरोबर विकत मिळत होती. गावकऱ्याने रान ओस पाडले हे अर्धे खरे; साहेबाच्या हाक्यात एका दिवसात किती पडत होती, हा उरलेला अर्धा भाग.

एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगितली पाहिजे. याच शिकारी मंडळींतून अभ्यासकही निघाले. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघे होते. १८८६ पासून निघणाऱ्या तिच्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांत शिकारीच्या हकिकतींबरोबरच जनावरांच्या सवयींच्या बारीक नोंदीही आहेत.

स्वातंत्र्यानंतर बंदूक थोडी खाली उतरली. ३०३ बोअर हे लष्करी माप असल्याने नागरिकाला बंद होते, म्हणून ३१५ बोअरची शिकारी रायफल परवानेदारांत रुळली. ती ईशापूरच्या सरकारी कारखान्यात होऊ लागली. काडतुसांचा कारखाना खडकीला १८६९ पासून होता. आणि कल्याणच्या शेजारी अंबरनाथला १९५३ साली जो दारूगोळा कारखान्यांपैकी एक उभा राहिला तो प्रामुख्याने काडतुसाला लागणारे पितळ व तसले धातू तयार करणारा. शिलाहारांचे शिवालय आणि काडतुसाचे पितळ एकाच गावात! पण ३१५ चे हत्यार सामान्य परवानेदाराच्या हाती येऊ लागले तेव्हा मारायला रानात फारसे उरले नव्हते.

जे उरले ते कोणी राखले? शिकारीच्या नियमांनी थोडे, आणि मुंबईच्या तहानेने पुष्कळ. विहार १८६० साली, तुळशी १८७९ साली, तानसा १८९२ साली असे तलाव बांधले गेले आणि त्यांच्या पाणलोटातले जंगल पाण्यासाठी राखावे लागले. आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात विहार आणि तुळशी आहेत. तानशाचे अभयारण्य १९७० चे. येऊरचे चितळ कोणाच्या दयेने नव्हे, मुंबईकरांच्या नळाच्या पाण्याने वाचले असे मी म्हणतो ते एवढ्यासाठी. मलंगगडाच्या बाजूला असा तलाव वेळेवर झाला नाही. तेथील रान आज पाहावे.

१९५१ साली मुंबई राज्याने वन्य प्राण्यांसाठी आपला कायदा केला. १९७२ साली सर्व देशाचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याचे मूळचे सतरावे कलम वाचण्यासारखे होते. सांबर-चितळासारखे मोठे जनावर रायफलीनेच मारावे. छऱ्याच्या बंदुकीची खास परवानगी असेल तर तीही एकगोळी काडतुसाचीच. सूर्यास्तानंतर मारू नये, मोटारीतून मारू नये, बत्ती लावू नये, पाणवठ्यावर आणि चाटणाच्या जागी मारू नये. शंभर वर्षांच्या शिकारग्रंथांचे सार सरकारने अशा रीतीने एका कलमात उतरवले, आणि बंदुकीची निवड प्रथमच जनावराच्या बाजूने केली. ते कलम १९९१ च्या दुरुस्तीने वगळले गेले, कारण शिकारच बंद झाली आणि चांगल्या-वाईट बंदुकीचा प्रश्न उरला नाही.

अगदीच उरला नाही असे मात्र नाही. त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाखाली पिकाची नासधूस करणाऱ्या काही जनावरांना लेखी परवानगीने मारता येते, आणि रानडुकरांसाठी आपल्या राज्यात तशी परवानगी मागितली जाते. ती मागायला येणाऱ्या शेतकऱ्याला परवाना कोणत्या बंदुकीचा आहे, आणि तिने डुक्कर जागीच बसेल काय, हे आजही प्रथम विचारावे लागते.