सिंदखेडची समाधी आणि मातीखालचा विष्णू

शाळेची सहल निघाली की बदनापूरकडची मुले बहुधा पश्चिमेला जातात. दौलताबाद, वेरूळ, बीबी का मकबरा, ठरलेली वाट. मी म्हणेन, गुरुजी, एकदा पूर्वेची वाट धरून बघा. जालना गाठा आणि तिथून नागपूरच्या रस्त्याने सिंदखेडराजाला चला. जिल्हा बदलतो, बुलढाणा लागतो. माणसाच्या बोलण्यात वऱ्हाडी हेल ऐकू येऊ लागतो.

सिंदखेडला येणारा माणूस आधी राजवाड्यात जातो, आणि ते योग्यच आहे. 12 जानेवारी 1598 हा जिजाबाईंचा जन्मदिवस मानतात, आणि त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण त्यांच्या वडिलांच्या, लखुजीराव जाधवांच्या समाधीकडे मात्र थोडीच मंडळी वळतात. तुम्ही अवश्य वळा.

घुमटाची ती भक्कम इमारत लांबून पाहिली, तर एखाद्या सुलतानाचा मकबराच वाटेल. त्यात नवल नाही. त्या काळी दख्खनेत गवंडी तेच, घुमटाची रीत तीच. धनी तेवढे निराळे. फरक आहे तो आत. मकबऱ्यात देह पुरलेला असतो. आपल्या राजांचे दहन होई, म्हणून छत्री किंवा समाधी ही देहाची जागा नसते, आठवणीची असते. मुलांना हा भेद तिथे उभे राहून सांगा, पुस्तकापेक्षा लवकर समजेल.

आता ही आठवण कशाची, ते ऐका. लखुजीराव निजामशाहीतले बडे सरदार. मध्यंतरी ते मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशहाकडे आले. त्या धामधुमीत असे जाणे-येणे पुष्कळांनी केले; आजच्या मापाने त्यांना तोलू नये. पण दरबारचा संशय काही गेला नाही. 25 जुलै 1629 रोजी दौलताबादच्या किल्ल्यात, मुजऱ्याला गेले असता, लखुजीराव, अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि नातू यशवंतराव यांना दगा करून मारले. एका घरातल्या तीन पिढ्या एका दिवसात गेल्या हो! जिजाबाई तेव्हा गरोदर होत्या. पुढे 19 फेब्रुवारी 1630 ला शिवनेरीवर शिवराय जन्मले. आणि ज्या निजामशाहीने हे केले, ती 1636 साली नकाशावरून पुसली गेली.

दौलताबादला गेलेल्या मुलांना तटबंदी दाखवतात, भुयारी वाट दाखवतात. ही हकिगत तिथे कितीजण सांगतात?

समाधीची गोष्ट इथे संपत नाही. 2024 साली भारतीय पुरातत्त्व खात्याने या समाधीच्या डागडुजीचे काम काढले. जवळच ओळीत बसवलेले काही दगड दिसले. माती काढत गेले, तो एका जुन्या मंदिराचा पाया उघडा पडला. जूनमध्ये आणखी खाली, दोन मीटरहून अधिक खोल, शेषशायी विष्णूची अखंड मूर्ती निघाली. लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास. पायाशी लक्ष्मी, आणि समुद्रमंथनाचा देखावाही त्याच दगडात. म्हणजे जाधवरावांच्या आधीही हे गाव नांदते होते, आणि त्याच्यावर माती चढली होती.

मग प्रश्न उठला, मूर्ती गावात ठेवावी की संग्रहालयात न्यावी? संग्रहालयाची मला मुळीच अढी नाही. संभाजीनगरला पहाडसिंगपुऱ्यातल्या सोनेरी महालात राज्याचे पुरातत्त्व संग्रहालय आहे. सतराव्या शतकात एका बुंदेल्या सरदाराने बांधलेला हा महाल. तिथल्या मूर्तींना ऊन-पाऊस लागत नाही, चोराची भीती नाही, आणि अभ्यासकाला चार शिल्पे शेजारी ठेवून पाहता येतात. पण गावातून उचललेला देव संग्रहालयात गेला की त्याच्या खालची चिठ्ठी तेवढी बोलते. पाया कुठे होता, दगड कोणत्या ओळीत बसले होते, समाधी किती पावलांवर, हे चिठ्ठीवर मावत नाही. माझ्या मते गावातच पक्की, पहाऱ्याची जागा करावी. तसे जमत नसेल, तर निदान जिथून मूर्ती निघाली तिथे चांगला फलक हवा.

सहलीला जाल तेव्हा मुलांच्या हातात वही आणि मोजपट्टी द्या. समाधीपासून त्या पायापर्यंतचे अंतर त्यांना पावलांनी मोजू द्या. पुतळा बारव आणि मोती तलावही त्याच दिवशी पाहून होतात. मात्र उन्हाळ्यात पाणी बरोबर न्या.